पोरांचं ऐकणाऱ्या बाई

पोरांना ऐकवणाऱ्या बाया जगात पोत्यानं मिळतील, पण पोरांचं ऐकणारी बाई मी आख्ख्या जन्मात एकच बघितली, ती पण वसईजवळच्या आमच्या आचोळ्यात, आणि नेमकी तिच्याच हातात मी माझी एकुलती एक पोरगी दिली. आता माझी सोनी पाचवीत आहे, तिचं सगळं नीट आहे, तरी त्या बाईंची आठवण आली की आधी भीती वाटते आणि मग हसू येतं, म्हणजे क्रम तोच, भीती पहिली. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. वय पन्नाशीच्या पुढं, कॉटनची साडी घोट्याच्या वर खोचलेली, खाली पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मनगटावर बाप्याचं भलंमोठं घड्याळ. मुंबईच्या कुठल्यातरी शाळेत वीस-बावीस वर्षं शिकवलं आणि एक दिवस सोडून दिलं म्हणे. का सोडलं विचारलं तर म्हणायच्या, "तिथं मीच बोलायची गं सारखी. मला माझा कंटाळा आला."

शाळा म्हणजे काय, तर आचोळे गावातल्या एका जुन्या घराची दार-खिडकीची पडवी आणि पुढचं अंगण. घर होतं एका म्हातारीचं, पोरं तिला आजी म्हणायची. अंगणात विहीर होती. वर लोखंडी जाळी होती, पण विहीर ती विहीर. पहिल्या दिवशी मी ती जाळी दोन्ही हातांनी हलवून बघितली. आजी ओट्यावरून ओरडली, "काय गो, पानी हवं का?" मी म्हणलं, "नको आजी, पोरगी पडायला नको." तर आजी म्हणते कशी, "माझी सा पोरं हिच्याच काठाला वाढली. जाळी तर हल्ली टाकली." झालं, मला त्या रात्री झोप नाही.

बाईंच्या शाळेत फळा नव्हता, घंटा नव्हती, भिंतीवर ए बी सी डी नव्हती. सकाळी पोरं आधी आत जायची, आणि बाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "मी आत येऊ का?" तीन-चार वर्षांच्या पोरांना! एकदा पोरं आत काहीतरी लपवत होती, ती म्हणाली, "नाही, आत्ता नाही." तर ह्या गुपचूप पायरीवर जाऊन बसल्या, पाऊण तास. मी बघितलंय ना डोळ्यांनी. रस्त्यावरून जाणारी एक बाई मला विचारते, "ह्यांना वर्गाबाहेर काढलंय का?" आणि सुरी! खरी सुरी, लोखंडाची, काकडी कापायला पोरांच्या हातात. मी म्हणलं, बाई, बोट कापलं तर? तर त्या म्हणाल्या, "कापेल. बारीकसं कापेल. मग मोठं नाही कापणार." आता हे कुठलं उत्तर झालं?

मी आठवी शिकलेली, महाडकडची, लग्न होऊन इथं आलेली. मला ह्यातलं काय कळणार. पण आमचे हे गोरेगावला कंपनीत, सकाळी सातला घर सोडायचे, आणि आमच्या चाळीच्या जवळ तेवढी एकच शाळा होती. आणि मला सोनीला लांब पाठवायचंच नव्हतं, कारण सोनीला आकडी यायची. दीड वर्षाची असताना तापात पहिल्यांदा आली. डोळे वर, दात घट्ट, हातपाय ताठ, आणि मी एकटी घरात. मी तिला उचलून नुसती चाळीत धावत सुटले, किंचाळत, कुणाकडे जायचं ते पण ठरवलं नाही. डॉक्टर म्हणाले, तापाची आकडी आहे, पाच-सहा वर्षांची होईपर्यंत परत येऊ शकते, मग जाईल. येऊ शकते! एवढंच माझ्या कानात राहिलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत कायम एक कांदा, चाव्यांचा जुडगा आणि एक चमचा. कांदा नाकाला लावायला, चाव्या हातात द्यायला, चमचा दातांत घालायला. आमच्या गावाला असंच करतात. आणि दिवसातून पन्नास वेळा मी सोनीच्या कपाळाला हात लावायची. एवढ्यांदा लावायची, की खरा ताप कुठला आणि माझ्या हाताचाच गरमपणा कुठला ते मला कळेनासं झालं होतं.

तर मी सोनीला शाळेत सोडायची आणि खिडकीत उभी राहायची. नऊ ते बारा. ऊन असो, पाऊस असो. बाईंनी आठ दिवस बघितलं, नवव्या दिवशी खिडकीखाली एक स्टूल आणून ठेवलं.

त्या खिडकीतून मी काय काय बघितलंय! सगळ्यात गंमत मतदानाची. बाईंनी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून पोतंभर शिंपले आणले होते. रोज सकाळी पोरं ठरवायची आज काय करायचं. समजा एक म्हणाला चिखल, एक म्हणाली खुळखुळे, तर दोन करवंट्या ठेवायच्या आणि प्रत्येकानं आपला एक शिंपला टाकायचा. बाईंना पण एकच शिंपला. आणि बाई रोज हरायच्या! त्यांना गाण्याची भारी हौस, त्या कायम गाण्याच्या करवंटीत टाकायच्या, आणि त्या करवंटीत त्यांचा एकटीचा शिंपला. मग तोंड एवढंसं करून चिखलात बसायच्या. बंटी म्हणून एक गोलमटोल पोरगा होता, तो एकदा त्यांची पाठ थोपटून म्हणाला, "बाई, उद्या मी टाकीन हां तुमच्यात." दुसऱ्या दिवशी त्यानं परत चिखलातच टाकला. बाई म्हणाल्या, "तू काल काहीतरी बोलला होतास." तो म्हणाला, "काल बोललो होतो. आज चिखल छान झालाय."

एकदा पोरांना मुंग्यांची रांग दिसली. मुंग्या कुठं जातात ते बघू, ठरलं. बावीस पोरं आणि बाई गुडघ्यावर रांगत रांगत अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून थेट आजीच्या स्वयंपाकघरात, गुळाच्या डब्यापर्यंत. आजी आंघोळ करून आली तर चुलीपाशी आख्खी शाळा ओणवी! "अगो बाय, माझ्या गुलाला काय बघता?" आणि बाई खालूनच म्हणतात, "आजी, हलू नका, पाय पडेल मुंगीवर."

शेजारच्या बिल्डिंगमधल्या पोरांच्या आया मात्र नाकं मुरडायच्या. त्यांची पोरं टाय लावून जायची, पाच वर्षांच्या आत शंभरपर्यंत आकडे. मला विचारायच्या, "तुमची सोनी काय शिकली?" मी सांगायची, मुंग्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस पोरांनी बाईंना विचारलं, सोनीची आई रोज खिडकीत का उभी असते? दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चला चला, खेळा. ह्या बाईंनी खरं सांगितलं. सोनीला ताप आला की कधीकधी आकडी येते, म्हणून तिची आई घाबरते. झालं, पोरांचे प्रश्न. आकडी म्हणजे काय? दुखतं का? मग काय करायचं? बाई म्हणाल्या, मला माहीत नाही, विचारून येते. आणि खरंच डॉक्टरांकडे जाऊन विचारून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना सगळं सांगितलं. कुशीवर वळवायचं. जवळचं टणक सामान लांब करायचं. गळ्यापाशी घट्ट असेल तर सोडायचं. दाबून धरायचं नाही. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर लगेच दवाखान्यात पळायचं.

आता पोरांना पाच मिनिटं कुठं कळतात? घड्याळ कुणाला येत नाही. तर पोरांनी गाणं काढलं. "बेडूक बसला दगडावर, दगड म्हणाला खाली उतर." बाईंनी घड्याळ लावून बघितलं, गाणं लगेच संपलं. मग पोरांनी कडवी वाढवली. बेडूक बसला रिक्षावर, रिक्षा म्हणाली खाली उतर. मग म्हशीवर, मग पाण्याच्या टँकरवर, मग होडीवर, ज्याला जे दिसेल त्याच्यावर बेडूक बसवला, आणि शेवटी "बेडूक बसला आजीच्या पाटावर, आजी म्हणाली जेव पोटभर." असं ते मोजून मापून अडीच मिनिटांचं केलं. दोनदा म्हणायचं, तोपर्यंत थांबलं नाही तर दवाखाना. तरी रेश्मा म्हणून एक दणकट पोरगी होती तिनं कुशीवर वळवायचं, बंटीनं पहिलं गाणं सुरू झालं की आजीला सांगायला पळायचं आणि आजीनं नाक्यावरची रिक्षा बोलवायची, हे पण ठरलं.

हे सगळं मला मागनं कळलं, ठरलं त्या दोन दिवसांत सासूबाई आल्यामुळं मी खिडकीत नव्हते. तिसऱ्या दिवशी येऊन बघते तर आत पाच पोरं जमिनीवर पडून हातपाय झाडतायत, डोळे वर करतायत, बाकीची भोवती बसून बेडकाचं गाणं म्हणतायत, आणि माझी सोनी डॉक्टर होऊन फिरतेय! माझं डोकंच फिरलं. माझ्या पोरीच्या दुखण्याचा खेळ? मी आत घुसले, बाईंना नको ते बोलले, "तुम्हाला पोरबाळ नाही, तुम्हाला काय कळणार," असं पण बोलले, आणि सोनीला काखेत मारून घरी आले. तीन दिवस पाठवली नाही.

चौथ्या दिवशी बाई चाळीत आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी आत येऊ का?" मी तोंड फिरवलं. त्या उंबऱ्याबाहेरच बसल्या. अर्धा तास गेला, शेजारणी बघायला लागल्या, तेव्हा मी म्हणलं, या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आजार तिचा. तुला माहीत, मला माहीत, आख्ख्या चाळीला माहीत. आणि तिलाच माहीत नव्हता. तिला वाटायचं, आई माझ्याकडं बघून घाबरते म्हणजे माझ्यातच काहीतरी वाईट आहे." तेवढ्यात सोनी येऊन मला म्हणते, "आई, आकडी आली तर तू पळू नको. बेडकाचं गाणं म्हण." मी पदर डोळ्याला लावला. बाई म्हणाल्या, "आणि खिडकीत उभी राहून तुझे पाय मोडतील. उद्यापासून आत ये. मला एक माणूस हवंच आहे."

अशी मी त्या शाळेत शिकवायला लागले. शिकवायला कसलं, घाबरायलाच. झाडाजवळ गेला की "पडशील", सुरी घेतली की "लागेल", विहिरीकडं बघितलं तरी "माघारी फिर". पोरं वैतागली. एका सकाळी बंटीनं बाईंना सांगितलं, "काकी सारखं पडशील पडशील म्हणते, मग आम्ही पडतो." बाई म्हणाल्या, "मग काय करू या?" करवंट्या आल्या. एक करवंटी, काकीनं आज शाळेत बसावं. दुसरी, काकीनं आज बाजारात जावं. मी बघत होते. शिंपले टकाटक बाजारात पडायला लागले. माझ्या सोनीनं हातातला शिंपला दोनदा ह्या हातातून त्या हातात केला, माझ्याकडं बघितलं, आणि बाजारात टाकला. शाळेत बसण्याच्या करवंटीत एकच शिंपला. बाईंचा. "हरलो आपण," बाई मला म्हणाल्या. "जा, भाजी आण."

त्या सकाळी मी सोनीच्या कपाळाला हात लावला होता. गरम लागलं होतं. पण मला रोजच गरम लागायचं.

मी आचोळे रोडनं चालले होते पण पाय पुढं जात नव्हते. मेथी घेतली, पैसे देऊन जुडी तिथंच विसरले, परत गेले. तासभरानं माघारी वळले. गल्लीच्या तोंडाशी आले आणि मला गाणं ऐकू आलं. बेडकाचं. आधी मला राग आला, की मी नाही तर परत तोच खेळ मांडला. मग माझ्या लक्षात आलं की कुणी हसत नाहीये. खेळात पोरं म्हशीच्या कडव्याला खदाखदा हसायची. आता सगळी एका आवाजात, सावकाश, शाळेत प्रार्थना म्हणतात तशी म्हणत होती. "बेडूक बसला म्हशीवर, म्हैस म्हणाली खाली उतर."

मी पळाले. पिशवी कुठं टाकली माहीत नाही. मला एवढंच कळेना, हे पहिलं गाणं की दुसरं? टँकर आला. होडी आली. पहिलं असेल तर अजून वेळ आहे. दुसरं असेल तर? चप्पल निसटली, अनवाणी पळाले. बेडूक बसला कौलावर, कौल म्हणालं... आणि गाणं थांबलं. मध्येच. पाटापर्यंत पोचलंच नाही. सगळं गप्प. तेवढं अंगण मी कसं ओलांडलं ते मला आजही सांगता येत नाही. मला वाटलं, गेली.

पडवीत पोरं गोल बसली होती, हात मांडीवर. सगळ्या करवंट्या, लाकडी ठोकळे, सुरी, भिंतीशी नेऊन ठेवलेले. मध्ये सोनी, कुशीवर, फ्रॉकचं वरचं बटण सोडलेलं, आणि तिचं डोकं बाईंच्या मांडीवर. बाईंचा चेहरा एकदम शांत, दगडासारखा. बंटी माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "काकी, थांबली. दुसऱ्या गाण्यात थांबली. आता ती झोपेल, उठवू नको." आणि माझी पोरगी श्वास घेत होती. घोरत होती चक्क. बाहेर आजी रिक्षा घेऊन उभी, "चल गो, बस लवकर," म्हणून ओरडत.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, तापाचं औषध दिलं, म्हणाले काही काळजी नाही. सगळं बरोबर केलंत, कुणी केलं? बाई म्हणाल्या, "मुलांनी." डॉक्टर हसले. संध्याकाळी आमचे हे आले, ते आधी भडकले, तुला बाहेर पाठवलीच कशी, नाव काढून टाकू. मग सगळं ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी कंपनीत दांडी मारून स्वतः बाईंच्या पाया पडायला गेले. बाई दोन पावलं मागं सरल्या. "माझ्या नको. मुलांनी केलं." आमचे हे मला रस्त्यात म्हणाले, "काय मोठं मन आहे बघ बाईचं." मी पण तेच सगळीकडं सांगत सुटले. चाळीत, नळावर, माहेरी. बाई होत्या म्हणून माझी पोरगी वाचली. टायवाल्या पोरांच्या दोन आया नाव घालायला पण आल्या. कुणीही बाईंना विचारलं तर त्यांचं एकच, मुलांनी. लोक म्हणायचे, किती साध्या.

सोनी पुढं मोठ्या शाळेत गेली. सहाची झाली, मग सातची. आकडी परत आली नाही. मी मात्र बाईंकडंच राहिले. घाबरायची रोजच, पण एक मी ठरवून घेतलं होतं. घाबरले की बाईंच्या चेहऱ्याकडं बघायचं. तो शांत असला की माझा जीव खाली यायचा. चार वर्षं मी त्या चेहऱ्यावर काढली म्हणा ना. कांदा-चाव्या कधी सुटल्या ते पण कळलं नाही.

मग आजी वारली. तिच्या पोरांनी जागा बिल्डरला दिली. बाईंनी दोन-तीन ठिकाणी पडवी शोधली, पण आता आचोळ्यात पडव्या कुठं उरल्यात, सगळीकडं गाळे. शेवटी त्या वाडा गावी भाचीकडं जायला निघाल्या. मी वसईच्या स्टँडवर सोडायला गेले. एक बॅग, पायात तेच कॅनव्हासचे बूट. एस्टीला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो. मी आपली रडत होते. म्हणलं, "बाई, आता मी कुणाकडं बघू? त्या दिवशी तुमच्या जागी मी असते तर माझी सोनी..."

बाई म्हणाल्या, "मी काही केलं नाही गं."

मी म्हणलं, "तुमचं आपलं कायम तेच."

"अगं, ऐक तरी," त्या म्हणाल्या. "मी दारात होते. ती पडली ते मी बघितलं. आणि माझे पाय हललेच नाहीत. पाच पावलांवर होती. मला हाकसुद्धा मारता येईना. रेश्मानं तिला कुशीवर केलं, बंटी माझ्या बाजूनं पळत गेला, त्यानं मला ढकललं पण. पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं, तेव्हा कुठं मी चालत आत गेले आणि खाली बसले. तिचं डोकं माझ्या मांडीवर मुलांनीच ठेवलं." मग त्या जरा हसल्या. "मी तर पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होते. मुलांनी केलं, मुलांनी केलं. तुम्ही कुणी ऐकायलाच तयार नव्हता."

मी म्हणलं, "मग मला एकटीला तरी बसवून सांगायचं होतं."

"सांगणार होते. सोनी बरी होऊन आली त्याच दिवशी," बाई म्हणाल्या. "तू सकाळी आलीस आणि पहिल्यांदा सोनीच्या कपाळाला हात न लावता आत गेलीस. मग सांगायचं राहिलं."

एस्टी लागल्याचा भोंगा झाला, माणसं उठली. बाई उठल्या नाहीत. समोर बघत म्हणाल्या, "वाड्याला कधी राहिले नाही मी. भाचीची माणसं कशी आहेत, काय माहीत." चेहरा तसाच होता, शांत. मी त्यांचा हात हातात घेतला, तर तो गारठलेला होता आणि घामानं ओला. चार वर्षं मी तोंडाकडंच बघत बसले होते, हात कधी धरून बघितलाच नव्हता. मी तो दोन्ही हातांत धरला, बॅग खांद्याला लावली, आणि त्यांना धरून गाडीत चढवलं, खिडकीशी बसवलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुम्ही येताय का?" मी म्हणलं, "पुढच्या स्टॉपपर्यंत." आणि बसले.